तक्रार करण्याचा अधिकार कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण 'कर्तव्य' या कल्पनेची बरीच चिरफाड केली. आज जरा जमिनीवर उतरू या. प्रश्न साधा आहे. सरकारी पदावर बसलेला माणूस नीतीला सोडून वागत असेल, तर त्याच्याविरुद्ध राज्याच्या यंत्रणेकडे तक्रार कोण करू शकतो? तक्रारीत काय लिहायचं, पुरावा कोणता जोडायचा, हे सगळं नंतरचं. आधी दारातच विचारतात, 'तुम्ही कोण?'

तुम्ही म्हणाल, हा वकिलांचा विषय, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडायचं? पात्रतेची अट म्हटली की आपल्याला अर्ज, शिक्के आणि झेरॉक्स आठवतात. पण बघा, 'अमुक माणूस तक्रार करू शकतो, तमुक करू शकत नाही' असं जेव्हा कायदा म्हणतो, तेव्हा तो एक सिद्धान्त मांडत असतो. सार्वजनिक पद कोणाच्या मालकीचं आहे आणि त्याचा गैरवापर झाला तर नुकसान कोणाचं होतं, याविषयीचा तो सिद्धान्त असतो. कायदा तो बोलून दाखवत नाही, एवढंच. आज आपण तो वाचायचा प्रयत्न करू.

आपल्या घरापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात लोकायुक्त आणि उपलोकायुक्त यांच्यासाठीचा कायदा १९७१ साली झाला आणि १९७२ मध्ये कार्यालय सुरू झालं. प्रत्यक्ष काम करणारे लोकायुक्त देशात सर्वांत आधी आपल्या राज्यात आले. या कल्पनेचं मूळ १८०९ सालच्या स्वीडनमध्ये आहे, आणि आपल्याकडे १९६६ साली पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तिची शिफारस केली होती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने नव्या लोकायुक्त कायद्याचं विधेयक मंजूर केलं, त्यात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणलं. मी आज बोलणार आहे ते १९७१च्या कायद्याबद्दल, कारण अर्धं शतक लोक याच दारातून आत गेले आणि याच दारातून परतही आले.

या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. एक 'गाऱ्हाणं' आणि दुसरं 'अभिकथन'. अभिकथन हा शब्द जड आहे, आपण त्याला आरोप म्हणू. गैरकारभारामुळे तुमच्यावर अन्याय झाला किंवा विनाकारण त्रास झाला, तर ते गाऱ्हाणं. समजा, वडील वारले, वारसाची नोंद सातबाऱ्यावर व्हायची आहे, कागद सगळे दिलेत आणि वर्षभर कोणी फेरफार धरतच नाही. हे गाऱ्हाणं झालं. एखाद्या अधिकाऱ्याने पदाचा वापर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या फायद्यासाठी केला, भ्रष्ट हेतूने निर्णय घेतला, सचोटी सोडली, तर तो आरोप. म्हणजे मेहुण्याच्या नावावरच्या फर्मला कंत्राट दिलं, वगैरे.

आता पात्रता बघा. गाऱ्हाणं मांडायचं तर ते ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मांडलं पाहिजे. तो हयात नसेल तर त्याचे वारस, किंवा त्याला स्वतःला काही कारणाने शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती. आरोपाचं मात्र तसं नाही. आरोप कोणतीही व्यक्ती करू शकते, फक्त लोकसेवक सोडून. हे 'सोडून' लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

हा फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाय माझा दुखत असेल तर कुठे दुखतं ते मीच सांगणार. शेजाऱ्याने माझ्या वतीने कण्हायचं काही कारण नाही. पण गावाच्या विहिरीत कोणी घाण टाकली, तर? तेव्हा 'तू आज पाणी भरलंस का?' असं विचारून आपण कोणाला गप्प करत नाही. विहीर सगळ्यांची, म्हणून ओरडायचा हक्कही सगळ्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे पायाचं दुखणं आणि आरोप म्हणजे विहिरीतली घाण. १९७१च्या कायद्याने हा भेद नीट ओळखला आहे.

'कोणीही' ही कल्पना आजची नाही. अथेन्समध्ये सोलोनने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला जे बदल केले, त्यांत एक असा होता, की अन्याय झालेल्यासाठी ज्याची इच्छा असेल तो दाद मागू शकेल. सोलोनच्या सुधारणांतल्या सर्वांत लोकाभिमुख अशा तीन गोष्टी ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात सांगितल्या आहेत, त्यांत ही एक आहे. अर्थात 'ज्याची इच्छा असेल तो' यात बायका आणि गुलाम नव्हते, हेही विसरू नका. प्रत्येक 'कोणीही'ला कुठेतरी कुंपण असतंच.

आणि या मोकळ्या दाराचा उपद्रवही अथेन्सने भोगला. खटल्याची धमकी देऊन पैसे उकळणारे धंदेवाईक फिर्यादी तिथे तयार झाले. मग नियम आला, की सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एकपंचमांश मतंही मिळाली नाहीत तर त्याला एक हजार द्राख्मांचा दंड. म्हणजे 'तू कोण?' असं न विचारता त्यांनी विचारलं, 'तू काय पणाला लावतोस?' आपल्याकडे विहित नमुन्यात तक्रार आणि सोबत प्रतिज्ञापत्र मागतात, त्यामागेही हाच विचार आहे. शपथेवर लिहा, खोटं निघालं तर परिणाम भोगायची तयारी ठेवा. ही अट मला न्याय्य वाटते. ती कोणालाही हुसकावत नाही, फक्त बोलणाऱ्याला स्वतःच्या शब्दाशी बांधून ठेवते.

आता थोडं बाहेर जाऊ. ही व्याख्यानं अमेरिकेतही बरेच मराठी लोक ऐकतात, त्यामुळे तिथली दोन उदाहरणं घेतो. शिवाय आपल्या कायद्यात नसलेल्या दोन अटी तिथे फार स्पष्ट दिसतात.

पहिलं टेक्सास. तिथे १९९१ साली घटनादुरुस्तीने राज्याचा नीतिआयोग स्थापन झाला. त्याच्याकडे शपथेवर तक्रार करायची असेल, तर तुम्ही टेक्सासचे रहिवासी असायला हवं, किंवा टेक्सासमध्ये तुमची स्थावर मालमत्ता असायला हवी. शब्द 'रहिवासी' आहे, 'नागरिक' नाही. म्हणजे डॅलसमध्ये राहून नोकरी करणारा आपला मुलगा, मतदानाचा हक्क नसला तरी, या अटीत बसतो. हे चांगलंच आहे. पण दुसरा पर्याय बघा, स्थावर मालमत्ता. टेक्सासमध्ये कधी पाऊल न ठेवलेला, पण तिथे प्लॉट घेतलेला माणूस पात्र. आणि वीस वर्षं तिथे राहून कर भरलेला, गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यात गेलेला, स्वतःचं घर नसलेला माणूस अपात्र. त्याने तिथे असताना डोळ्यांनी पाहिलेला गैरप्रकार काय खोटा झाला? अटीमागचा सिद्धान्त असा दिसतो, की राज्याच्या कारभारात ज्याचा काही वाटा आहे त्यानेच बोलावं. कंपनीच्या सभेत भागधारकाने बोलावं तसं. आपल्या १९७१च्या कायद्यात आरोपासाठी रहिवासाची अशी अट नाही. विहिरीची उपमा आपल्याला जवळची, त्यांना भागीदारीची, असं म्हणू या हवं तर.

दुसरं फ्लोरिडा. तिथला नीतिआयोग १९७४चा. कोणतीही व्यक्ती शपथेवर तक्रार करू शकते, असा तिथला नियम. पण २०२४ मध्ये तिथे एक बदल झाला. तक्रार आता तक्रारदाराच्या स्वतःच्या माहितीवर, किंवा ऐकीव नसलेल्या माहितीवर आधारलेली असली पाहिजे. म्हणजे प्रश्न पुन्हा बदलला. 'तू कोण?' नाही, 'काय पणाला लावतोस?' हेही नाही. 'तुला कसं कळलं?'

हा प्रश्न आला की न्यायदर्शन शिकलेल्या माणसाचे कान टवकारतात. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासार्ह माणसाचं वचन. सगळंच ऐकलेलं टाकाऊ, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. कोण सांगतो आहे ते तपासा, असं म्हटलं. आता विचार करा, लाच देताना-घेताना प्रत्यक्ष पाहणारे किती असतात? दोनच, आणि दोघेही बोलत नाहीत. बाकी सगळ्यांना जे कळतं ते अनुमानाने. डोंगरावर धूर दिसतो म्हणून अग्नी आहे असं आपण म्हणतो. तीन निविदा एकाच हस्ताक्षरात भरलेल्या दिसल्या, तर तो धूरच आहे. आपल्याकडे २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने निदान हा धूर बघायची खिडकी सामान्य नागरिकाला दिली. फ्लोरिडाच्या अटीने चहाच्या टपरीवरच्या गप्पा बाहेर राहतील, हे खरं. पण ज्याला आतल्या माणसाने विश्वासाने काही सांगितलं, आणि आतला माणूस भीतीने स्वतः पुढे येणार नाही, तोही बाहेर राहील. तिथला आयोग तर तक्रार किंवा ठरावीक अधिकाऱ्यांकडून आलेला संदर्भ असल्याशिवाय स्वतःहून चौकशी सुरू करू शकत नाही. तेव्हा दाराची ही अट आणखी जड होते.

आता त्या राहिलेल्या 'सोडून'कडे येऊ. आपल्या कायद्यात आरोप कोणीही करावा, पण लोकसेवकाने करू नये. लोकसेवक कोण? ही व्याख्या मंत्री आणि सरकारी अधिकाऱ्यांवर थांबत नाही, स्थानिक संस्थांपर्यंत जाते.

या अटीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कचेरीत हेवेदावे असतात. बढती एकाला मिळते, दुसऱ्याची हुकते. बदल्यांचा मोसम आला की निनावी पत्रांचा मोसमही येतो. तक्रार हे शत्रूचा काटा काढायचं हत्यार होऊ शकतं, आणि कर्मचाऱ्यांच्या भांडणात लोकायुक्तांचा वेळ गेला तर सामान्य माणसाच्या अर्जाकडे बघणार कोण? शिवाय शासनात वरिष्ठाकडे जायची शिस्त असते, तीच मोडली तर कारभार चालायचा कसा? ही कारणं खोटी नाहीत.

पण मित्रहो, या अटीने कोण बाहेर राहतो ते बघा. मोजमाप पुस्तकात न झालेल्या कामाची नोंद करायला ज्याच्यावर दबाव येतो, तो कनिष्ठ अभियंता. फाइलवरचा शेरा बदललेला ज्याला दिसतो, तो कारकून. औषधांचा साठा कागदावर आला आणि कपाटात आला नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो भांडारपाल. म्हणजे फ्लोरिडाच्या कसोटीला जो शंभर टक्के उतरेल, ज्याला प्रत्यक्ष ज्ञान आहे, तोच आपल्या कसोटीला उतरत नाही. रस्त्यावरचा माणूस धूर बघून बोलू शकतो, आणि स्वयंपाकघरात उभा असलेला, चुलीतला अग्नी बघणारा, बोलू शकत नाही.

याच कायद्यात एक सुंदर तरतूद आहे. पोलीस कोठडीतल्या, तुरुंगातल्या किंवा मनोरुग्णालयातल्या व्यक्तीने लोकायुक्तांना पत्र लिहिलं, तर तिथल्या अधिकाऱ्याने ते न उघडता, विलंब न लावता पुढे पाठवायचं. लोकायुक्तांना वाटलं तर त्या पत्रालाच तक्रार मानता येतं. ज्याच्यावर समाजाचा सर्वांत कमी विश्वास, त्याचं पत्रही बंद पाकिटात पोचावं, ही केवढी मोठी समज आहे! मग मी विचारतो, बंदिवानाच्या पत्राला जो मान दिला, तो कारकुनाच्या आरोपाला का नाही?

कौटिल्य काही लोकशाहीवादी नव्हता. राजाच्या तिजोरीची त्याला काळजी होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अधिकाऱ्यांच्या अपहाराचा विचार करताना तो सांगतो, की अपहाराची खबर देणाऱ्याला, ती सिद्ध झाली तर, त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा. आणि खबर देणारा पगारी सेवक असेल तर बारावा. सिद्ध झालं नाही तर शिक्षा. बघा, सेवकाचं बक्षीस त्याने निम्मं केलं, कारण खबर देणं हे त्याचं कामच आहे. पण त्याचं तोंड बंद केलं नाही. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो हे कळत नाही, हा दाखला देणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक होतं, की शेजारून पोहणाऱ्या माशाला विचारावं लागतं.

यात पणाला काय लागलं आहे, ते सांगायला एकच नाव पुरे आहे. सत्येंद्र दुबे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तपासयंत्रणेने हा लुटीच्या प्रयत्नातला खून असल्याचं म्हटलं. तो वाद बाजूला ठेवला तरी पत्रावरचं नाव फुटलं ही गोष्ट शिल्लक राहतेच. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी घेण्याचं आणि नाव गुप्त ठेवण्याचं काम दिलं. २०१४ मध्ये संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात लोकसेवकासह कोणालाही माहिती देता येते. पण कायदा संमत होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षं निघालीच नाही.

मग आपली कसोटी काय असावी? माझं म्हणणं थोडक्यात असं. पात्रतेच्या अटी दोन जातीच्या असतात. एक जात तक्रारदाराला जबाबदार धरते. नाव लिहा, शपथ घ्या, कसं कळलं ते सांगा, मुद्दाम खोटं बोललात तर शिक्षा. दुसरी जात त्याला सांगते, की ही तुझी बाब नाही. तू इथला नाहीस, तू आतला आहेस, तू गप्प बस. गाऱ्हाण्यात दुसऱ्या जातीची अट चालेल, कारण दुखणं खरंच एकाचं असतं. आरोपात ती चालू नये. आरोप ही तक्रारदाराची मालमत्ता नसते. तो फक्त निरोप्या असतो. निरोप खरा आहे का हे तपासावं, निरोप्याच्या गोत्राची चौकशी कशाला? अट ठेवताना आपण नेहमी मोजतो, की तिने किती खोटारडे बाहेर राहतील. त्याच वेळी हेही मोजायला हवं, की तिने कोणतं सत्य बाहेर राहील.

आणि हे अशक्य नाही. शेजारच्या कर्नाटकात १९८४च्या लोकायुक्त कायद्याने तक्रारीचं दार 'कोणत्याही व्यक्ती'साठी उघडलं. लोकसेवक वगळलेला नाही. कचेरीतल्या हेव्यादाव्यांची भीती असेल तर त्यावर उपाय आपल्याच कायद्यात आहे. तक्रार क्षुल्लक, त्रास देण्यासाठी केलेली किंवा सद्भावनेने न केलेली वाटली, तर लोकायुक्त कारण नोंदवून ती नाकारू शकतात. चाळणी आत असताना दाराला कुलूप कशाला?

दोन प्रश्न आलेत, ते घेऊन थांबतो.

एका ताईंनी विचारलं आहे, 'मी निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शन अडकलं आहे, हे गाऱ्हाणं होतं का?' ताई, नेमणूक, बदली, पगार, शिस्तभंग अशा नोकरीच्या बाबी गाऱ्हाण्यातून वगळल्या आहेत. पण निवृत्तिवेतन, उपदान, भविष्यनिर्वाह निधी अशा निवृत्तीनंतरच्या मागण्या त्या वगळण्यातून बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे तुमची शाळा आणि तुमचं पेन्शन या कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर ही वगळणूक तुमच्या आड येत नाही. कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागायची सोय असेल तर लोकायुक्त सहसा हात घालत नाहीत, पण तिथे जाणं का जमलं नाही हे पटवून दिलं तर घालू शकतात. मुदत मात्र सांभाळा. गाऱ्हाणं कृती कळल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं. उशिराला सबळ कारण असेल तर सवलत मिळू शकते. आरोपासाठी कृती घडल्यापासून तीन वर्षं, आणि तिथे सवलत लिहिलेली नाही. म्हणून 'निवृत्त झालो की बोलेन' म्हणणाऱ्याची तीन वर्षं खुर्चीत बसल्या-बसल्याच संपतात.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा आहे. 'मी आज नोकरीत आहे, मला दिसतं आहे, मी काय करू?' याला सोपं उत्तर नाही. तुमच्या नावाने आरोपाचा अर्ज या दारातून आत जाणार नाही. पण तक्रारीवाचूनही, एखादी कृती आरोपाचा विषय होऊ शकते असं लोकायुक्तांना वाटलं, तर स्वतःहून चौकशी करायचा अधिकार त्यांना आहे. म्हणजे माहिती त्यांच्यापर्यंत पोचली तर पुढचं त्यांच्या हातात राहतं. गुप्ततेबद्दल एक नीट समजून घ्या. चौकशी खाजगीत चालते, तक्रारदाराचं नाव जनतेला किंवा वर्तमानपत्रांना सांगायचं नसतं. पण चौकशी सुरू करायची ठरली की तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला दिली जाते. त्याला उत्तर द्यायची संधी हवी, हा न्यायच आहे. तेव्हा जगापासून नाव लपतं, साहेबापासून लपेलच असं नाही. हे माहीत करून घेऊन मग ठरवा. कागद नीट जपा, तारखा लिहून ठेवा, आणि एकट्याने ठरवू नका, एखाद्या जाणत्या वकिलाशी बोला.

तुम्ही गप्प राहिलात तर मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. ज्या कायद्याने तुम्हाला दारातच थांबवलं, त्याने आधी दार उघडावं. मग धैर्याची अपेक्षा करावी.

पुढच्या वेळी आपण साक्षीदाराच्या नीतीबद्दल बोलू.